डोक्यात जाणारा पांडुरंग, न रडणारा मास्तर

‘हा पोरगा डोक्यात जातो.’

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकराविषयीचं हे मत म्हसवडच्या अकरावीतल्या एका मुलीचं. तिला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी ते घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, आणि सासरे म्हणाले, ‘पोरगी हुशार दिसतीय.’ तिथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

सासरे म्हणजे आमच्या गल्लीतले नाना. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. सूनबाईंचं माहेर यावल तालुक्यातलं, म्हणजे नेमाड्यांच्या सांगवीच्या बाजूचं. त्यामुळे ‘कोसला’वर बोट ठेवलं की माहेरच्या माणसावर ठेवल्यासारखं होतं, आणि माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तर नानांच्या मुलखाचीच. भांडण ठरलेलं होतं म्हणायचं. मी शेजारी. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो, ऐकतो, राहवलं नाही तर मध्ये तोंड घालतो. बोलणं अनेक संध्याकाळी तुकड्यातुकड्यानं झालं. इथं ते सलग लावलंय.

नाना : मला एवढंच सांग, ह्या पांडुरंगाला झालंय काय? बाप पैसे पाठवतोय. हा पुण्यात होस्टेलवर राहतोय, गॅदरिंग करतोय, मेस चालवायला घेतोय आणि तोट्यात घालतोय. शेवटी पदवीसुद्धा न घेता गावाकडं. आणि हे सगळं सांगतो कसं, तर दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं. बापाचा पैसा गेला, त्याचं काही नाही. वर्षं गेली, त्याचं काही नाही. असल्या माणसाची मला माया का यावी?

सूनबाई : माया यावी असं मी म्हटलंच नाही, नाना. आवडणं वेगळं आणि त्याच्या शेजारी बसून त्याला दिसतं ते बघणं वेगळं. तुमच्या वर्गात एखादं पोर असेलच की. काही विचारलं तर खांदे उडवणारं, रागावलात तर हसणारं. त्याला तुम्ही नापास करून टाकलंत का?

नाना : नापास केलं नाही. पण त्याला कादंबरीचा नायकही केलं नाही.

(हा गुण नानांचा. सूनबाईंनीही हसून दिला.)

सूनबाई : बरं, मनीचं काय करता? धाकटी बहीण देवी येऊन जाते आणि हा तिकडं पुण्यात. तोवर दिसेल त्या गोष्टीची टर उडवणारा हा मुलगा तिथं काय होतो ते आठवा. त्याची सगळी चेष्टा गळून पडते. घरच्यांवर चिडतो, जगावर चिडतो, मग कधीतरी अजिंठ्याला जातो आणि त्या बुद्धापुढं उभा राहतो. तिथला पांडुरंग कोरडा आहे?

नाना : तो भाग मी दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू, पुस्तक बाजूला ठेवून अंगणात एक चक्कर मारून आलो. पण म्हणूनच विचारतो. पोराच्या आत एवढं होतं तर आधी का दाखवलं नाही?

सूनबाई : आधीपासून दाखवलं असतं तर तुम्ही अंगणात गेला नसता.

नाना : हे लेखकाचं कसब झालं. मी माणसाविषयी बोलतोय.

सूनबाई : कादंबरीतल्या माणसाला कसबाशिवाय दुसरं हाडमांस कुठलं आणणार?

नाना उठून आत गेले आणि पाणी पिऊन आले. परतले ते नवा मुद्दा घेऊन. ओट्यावरच्या आजवरच्या वादांत मला हाच सर्वांत वजनदार वाटतो.

नाना : तुटलेपण हे पोट भरलेल्याचं काम आहे. ‘कोसला’ १९६३ सालचं. त्यानंतर नऊच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. मी तेव्हा दहा वर्षांचा. गावंच्या गावं खडी फोडायला गेलेली. शाळेत सुकडी मिळायची, रेशनवर ती लाल मिलो. त्या खडीवर बसलेल्या पोराला ‘मला कशाचंच काही वाटत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. पांडुरंगाला ती सोय त्याच्या बापाच्या शेतीनं दिली. बापावर तोंड टाकायचं आणि मनिऑर्डरीची वाट बघायची!

सूनबाई : बापाच्या पैशाचं मान्य. पांडुरंगालाही ते माहीत आहे, त्याला ते लागतंही. पण गरिबाला तुटलेपण परवडत नाही, हे मला पटत नाही. ‘बलुतं’ बघा. १९७८ सालचं. दया पवारांनी काय केलंय? स्वतःचे दोन तुकडे केलेत. एक दगडू मारुती पवार, सगळं भोगलेला. दुसरा दया पवार, शिकलेला, नोकरी करणारा. दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. एवढं भोगलेलं सांगायचं तर स्वतःपासून दोन हात लांब उभं राहावं लागलं. हे पोट भरलेल्याचं काम आहे का?

नाना : नाही. ते जळल्यावर हात मागं घेणं झालं.

सूनबाई : मग पांडुरंगाचा हात कशानं मागं गेला, ते विचारा ना. तो चैनीनंच गेला असं आधीच का ठरवता?

इथं मी तोंड घातलं. म्हटलं, आपल्या गावातून पुण्याला स्पर्धा परीक्षेला गेलेली आणि चार-पाच वर्षांनी परत आलेली पोरं बघा. अभ्यासिकेत बसून बसून पाठ गेलेली. पोस्ट नाही, वय निघून चाललेलं. एसटी स्टँडवर भेटली की आपण विचारतो, काय झालं रे? ती म्हणतात, काही नाही. पुढं कुणीतरी चेष्टा करतं, आणि त्या चेष्टेत सर्वांत मोठ्यानं हसतं ते तेच पोर.

सूनबाई : हेच. तोच पांडुरंग. साठ वर्षांनी फक्त मेसच्या जागी अभ्यासिका आली.

नाना : आणि बाप? त्याच्या बापानं दोन एकर विकलेत, त्याचं कुणी लिहायचं?

ह्याचं उत्तर सूनबाईंकडं नव्हतं. माझ्याकडंही नाही. बापाच्या बाजूनं लिहिलेली ‘कोसला’ अजून कुणी लिहिलेली नाही, आणि ती लिहिली जायला हवी असं मला नानांमुळे वाटायला लागलंय.

दुसऱ्या एका संध्याकाळी सूनबाईंनी डाव उलटवला.

सूनबाई : नाना, तुमचा आवडता निवेदक कोण?

नाना : विचारायला पाहिजे? राजाराम मास्तर. ‘बनगरवाडी’चा. १९५५ साली पुस्तक आलं आणि माणदेश काय असतो ते महाराष्ट्राला कळलं. मी वाड्यांवर शिकवत होतो तेव्हा ते पुस्तक माझ्या पिशवीत असायचं. धनगराची वाडी, मेंढरं, ते म्हातारं कारभारी, आयबू मुलाणी. माणसं कशी उभी केलीत!

सूनबाई : माणसं उभी केली हे खरं. पण मास्तर? त्याच्याविषयी तुम्हाला काय माहीत आहे?

नाना : म्हणजे?

सूनबाई : शेकूकडं एकच बैल आहे. जू ओढायला दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको त्या बैलाच्या जोडीला जुंपून घेते. वाचताना आपल्या पोटात गोळा येतो. मास्तराच्या पोटात काय आलं, ते तो किती सांगतो? अंजीच्या चोळीवरून गैरसमज होतो, कारभाऱ्याचं मन फिरतं. त्या तरण्या पोराच्या मनात अंजीविषयी काही होतं की नव्हतं, ह्याचा पत्ता लागू देतो का? वाडी सगळी मिळून तालीम बांधते, औंधचे राजेसाहेब येतात. केवढा उत्सव. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं जगायला बाहेर पडतात, शाळा ओस पडते. मास्तर निघतो. दुसरा एखादा तिथं दहा पानं रडला असता. हा तरुण वाडीत राहिला, वाडीचा झाला, आणि निघताना गळा काढत नाही. तटस्थ कोण आहे नाना, पांडुरंग की तुमचा मास्तर?

नाना बराच वेळ गप्प. मग हळूहळू बोलायला लागले, आणि त्या दिवशी ते जे बोलले ते मला मराठीच्या कुठल्याही समीक्षेत वाचायला मिळालेलं नाही.

नाना : बरोबर आहे. मास्तर स्वतःचं फारसं सांगत नाही. पण त्याचं लक्ष कुठंय बघ. त्याचं लक्ष शेकूच्या बायकोवर आहे. ती कशी चालते, बैल कसा चालतो, नांगर कुठं अडतो, हे तो डोळ्यात तेल घालून बघतोय. आपल्याला काय वाटलं हे सांगायला तो थांबला असता तर तेवढ्यात ती दिसेनाशी झाली असती. माडगूळकर चित्रकार होते, रानात हिंडणारे होते. शिकाऱ्याला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकत बसून चालत नाही. पुढं ‘सत्तांतर’ लिहिलं, वानरांच्या टोळीवर, ज्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथंही तेच. टोळीत सत्ता बदलते, जीव जातात, आणि लेखक एका शब्दानं हळहळत नाही. पण नजर क्षणभर हटत नाही. ह्याला मी कोरडेपणा म्हणणार नाही. आता पांडुरंगाचं बघ. त्याचं लक्ष सगळं पांडुरंगावर.

सूनबाई : म्हणजे दोघंही भावना दाखवत नाहीत, पण जो दुसऱ्याकडं बघतो त्याला माफी, आणि जो स्वतःकडं बघून तोंड वाकडं करतो त्याला शिक्षा?

नाना : असंच काहीतरी.

सूनबाई : मला वाटतं तुम्हाला पांडुरंगाचा कोरडेपणा खटकतच नाही. त्याची थट्टा खटकते. गप्प बसणारा माणूस आपल्याकडं सोशिक ठरतो. हसणारा माणूस वाया गेलेला. दुखणं दोघांचं एकच असलं तरी.

हे वाक्य नानांना लागलं असावं, कारण त्यांनी विषय बदलल्यासारखं करून घरचं एक सांगितलं. बहात्तरच्या त्या पौषात त्यांचे वडील खिलारांची जोडी घेऊन खरसुंडीच्या यात्रेला गेले. वैरण संपली होती. जोडी मिळेल त्या भावाला गेली. परत आले, कासरा आणि दावी खुंटीला अडकवली, भाकरी खाल्ली, झोपले. दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर. बैलांचं नावही पुन्हा काढलं नाही.

नाना : मी दहा वर्षांचा. मला वाटलं, ह्या माणसाला काळीज नाही.

सूनबाई : आणि आता?

नाना : आता काय. ते माझे वडील होते. त्यांना पुढं चाळीस वर्षं बघितलं. कुणाचीही खिलार जोडी रस्त्यानं चालली की ते काम सोडून उभे राहायचे. चाळीस वर्षांत कळलं.

सूनबाई : कादंबरीवाल्याकडं चाळीस वर्षं नसतात. त्याला तीन-चारशे पानांत तुम्हाला तिथवर न्यायचं असतं. बुजरा, तुसडा, खोटं हसणारा माणूस हातात द्यायचा आणि म्हणायचं, थांबा, लगेच उठू नका. पान उलटवत राहण्यापलीकडं सहानुभूती म्हणजे दुसरं काही मला तरी माहीत नाही.

नाना : पण वडील बोलले नाहीत कुणाशी. तुझा पांडुरंग कोरडा कोरडा म्हणत अख्खं पुस्तक बोलतो.

सूनबाई : तुमचे वडील खुंटीशी बोलले. पांडुरंगाला खुंटी मिळाली नाही, म्हणून तो आपल्याशी बोलतो.

नानांचा आणखी एक हट्ट असा, की कारण कळल्याशिवाय माणूस कळत नाही. त्यासाठी त्यांनी थेट आमच्या गावाचा इतिहास काढला. सेनापती संताजी घोरपड्यांना १६९७ साली मारलं ते म्हसवडच्या नागोजी मान्यांनी, इथून जवळच कारखेलच्या बाजूला. नागोजींची बायको राधाबाई. तिचा भाऊ अमृतराव निंबाळकर संताजींच्या हातात सापडला तेव्हा त्यांनी त्याला हत्तीच्या पायी दिलं होतं, असं इतिहासकार सांगतात. एवढ्या मोठ्या सेनापतीला मारणारा आपल्या गावचा, हे वर्गात सांगताना नानांची जीभ अडखळायची. मग हत्तीचा पाय सांगितला की पोरं एकदम शांत व्हायची. ‘तसं पांडुरंगाच्या बाबतीत हत्तीचा पाय कुठला?’ नाना विचारतात.

सूनबाई : हत्तीचा पाय सांगून तुम्ही नागोजींना जामीन मिळवून दिलात. मी पांडुरंगासाठी जामीन मागत नाही. पंचविशीतल्या मुलाला हे सगळं इतकं नकोसं का झालं, हे त्याचं त्यालाही धड कळत नाही. कळलं असतं तर एक पत्र पुरलं असतं, कादंबरी कशाला? काम्यूच्या ‘द स्ट्रेंजर’चंही तेच. १९४२ चं पुस्तक. मर्सो आईच्या मयताला रडत नाही, आणि खुनाचा खटला चालतो तेव्हा कोर्टाला खुनापेक्षा ते न रडणंच जास्त बोचतं. आपल्याकडं काय वेगळं आहे? मयताच्या घरातून परत येताना बायका काय बोलत येतात? ‘थोरलीच्या डोळ्याला पाणी नव्हतं.’

नाना : तू कुणाच्या मयताविषयी बोलतीस?

सूनबाई : कुणाच्याच नाही. सगळ्यांच्याच.

आता ह्या वादाचा जो भाग मला सर्वांत आवडतो तो सांगतो, कारण त्यात दोघांनीही आपापल्या जागा सोडल्या.

विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ १९३९ मध्ये आलं, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी. निवेदक चक्रधर विध्वंस. एका जुन्या प्रेमात पोळलेला, बायकांविषयी कडू झालेला. युरोपातून बोटीनं परत येताना त्याला हॅर्टा भेटते. जर्मन ज्यू मुलगी, देशातून हाकललेली, बोट नेईल तिकडं निघालेली. ती त्याच्यावर जीव टाकते. मुंबई आली की तो उतरतो. ती पुढं जाते. मग तिची पत्रं येतात, आणि ती समुद्रात जीव देते. मराठीतला कोरडा, अवघड, तरीही सोडवत नाही असा निवेदक म्हटला की माझ्यासमोर पांडुरंगाच्याही आधी चक्रधर येतो.

मला वाटलं होतं सूनबाई त्याचीही बाजू घेतील.

सूनबाई : नाही. चक्रधर मला समजतो, पण त्याच्या शेजारी बसवत नाही.

नाना : आता कशी अडखळलीस? मघाशी तूच म्हणालीस की आवडायला नको, शेजारी बसून बघायचं.

सूनबाई : पांडुरंगाच्या कोरडेपणाची किंमत बरीचशी पांडुरंगच भरतो. थोडी त्याचा बाप भरतो, तुम्ही म्हणता तशी. चक्रधराच्या कोरडेपणाची किंमत हॅर्टानं भरली, आणि तो ती सांगायला जिवंत राहिला. पूर्वी कुणीतरी दुखावलं म्हणून पुढच्या बाईला मोजून मापून जवळ करायचं, हे मी बघितलेलं आहे. कादंबरीत नाही, गावांत.

नाना : मला उलटं वाटतं. मला तो पोरगा कळतो. युद्ध तोंडावर आलेलं. परकी मुलगी, तिच्याकडं देश नाही. ह्याच्या खिशात काय होतं? भ्याला. भ्यालेला माणूस मी ओळखतो. आणि तो स्वतःला वाचवत नाही. आपण वाईट वागलो हे दिसावं असंच त्यानं सांगितलंय. चोरानं स्वतःच पंचनामा लिहून दिला तर त्यात काहीतरी असतं.

सूनबाई : पंचनामा लिहून दिला म्हणून चोरी परत येत नाही.

ओट्यावरचा हिशेब उलटा झाला होता. डोक्यात जाणाऱ्या पोराची वकिली करणारी सून एका निवेदकापाशी दार लावून बसली, आणि बापाच्या पैशाचा हिशेब मागणारे नाना त्याच निवेदकाला चहा पाजायला तयार झाले. ह्याचं कारण पुस्तकांत कमी आणि दोघांच्या आयुष्यात जास्त आहे, हे उघड आहे. बाईला बोटीवरची हॅर्टा आधी दिसते, नानांना बोटीवरून उतरणारा भित्रा तरुण आधी दिसतो. दोघांनीही वाचलं तेच पुस्तक.

माझं मत विचाराल तर मी चक्रधराच्या बाबतीत सूनबाईंच्या बाजूनं आहे, पण माझं कारण बेडेकरांनी स्वतः दिलेलं आहे. त्यांनी हॅर्टाची पत्रं कादंबरीत आणली. इतका वेळ चक्रधराच्या तोंडून ऐकलेली मुलगी तिथं स्वतःच्या तोंडून बोलते, आणि आपली सहानुभूती त्याच्या हातून निसटून तिच्याकडं जाते. निवेदकाचा शब्द लेखकानंच काढून घेतला. थंड निवेदकाच्या मागं उभा असलेला लेखक थंड नसतो, ह्याचा मराठीत ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि पांडुरंगाच्या बाबतीत? तिथं नानांचा बापाचा मुद्दा सोडून बाकी सगळं सूनबाईंचं. निवेदकानं रडून दाखवावं ही मागणी वाचकाच्या सोयीची आहे. तो रडला की आपलं काम संपतं. तो रडत नाही तेव्हा ते काम आपल्यावर येतं, आणि अकरावीतल्या मुलीची चिडचिड ही बहुधा त्या कामाचीच होती. नाना ‘बनगरवाडी’च्या बाबतीत हे काम जन्मभर बिनतक्रार करत आले. फक्त त्यांना ते काम वाटलं नाही, कारण माणसं ओळखीची होती, बोली ओळखीची होती, दुष्काळ तर घरचाच होता. खानदेशातल्या पोराच्या बाबतीत तीच मेहनत अंगावर आली.

अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला तेव्हा मास्तराला चेहरा मिळाला. पडद्यावर त्याच्या तोंडावरची रेष हलली की आपल्याला कळतं, ह्याला लागलं. पुस्तकात तो चेहरा नाही. पुस्तकात मास्तराचे नुसते डोळे आहेत, आणि ते कायम दुसऱ्याकडं वळलेले.

त्या मुलीला बाईंनी मत बदलायला सांगितलेलं नाही. तिनं ‘कोसला’ पुरी वाचली, मत तेच ठेवलं आणि निबंधही त्यावरच लिहिला. मार्क चांगले मिळाले.

तुमच्याकडं ‘बनगरवाडी’ असेल तर ती पुन्हा काढा. ह्या खेपेला वाडी, मेंढरं, कारभारी सगळं बाजूला राहू द्या. फक्त मास्तराच्या मागावर राहा. जिथं जिथं तो ‘मला असं असं वाटलं’ म्हणून स्वतःविषयी थांबून बोलतो, तिथं पेन्सिलीनं खूण करा. मग तीच पेन्सिल घेऊन ‘कोसला’ उघडा, आणि पांडुरंग डोक्यात गेला तर जाऊ द्या, पण मनीच्या आधी पुस्तक मिटू नका.